उणे वीस

दुपारी एक दहाला लाइट गेली.
फ्रीजरच्या कपाळावर बॅटरीवर चालणारा आकडा आहे,
तो उणे वीसवरून सरकायला लागला:
एकोणीस, साडेअठरा.
बाहेर नवतपा. शेहेचाळीस पूर्णांक दोन.
अमरावती रोडवर कुत्रंही नव्हतं.

आत साठ नळ्या, प्रत्येकीत चिमूटभर
दक्षिण टोकाचा चिखल.
अलोणी मॅडमनी बर्फाला भोक पाडून
तळ्याच्या तळातून काढलेला;
सांगताना त्या अजूनही हात चोळतात,
मे महिन्यातसुद्धा.

त्या चिखलात कोणी राहतं.
महिनोन्महिने रात्र, मग उजेडच उजेड.
उजेड म्हणजे जेवण, हे खरं,
पण तिथे ताटच उलटून अंगावर येतं.
म्हणून ते आधी रंग करतात, मग जेवतात.
वर तपकिरी थर, ऊन अडवायला,
त्याखाली नारिंगी,
आणि अगदी आत, आडोशाला, हिरवं.
आमच्याकडच्या पोरी स्कूटीवर
डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात बांधतात, तसं.

माझे बाबा सूत रंगवायचे. गोळीबार चौकामागे,
कोपरापर्यंत हात हौदात.
नखं कधी निळी, कधी किरमिजी.
लग्नाला गेले तरी नखांवरून कळायचं
या आठवड्यात कोणतं लुगडं मागावर आहे.
अंगठा ओला करून धाग्यावर घासायचे:
"हा कच्चा हाय वं. पयल्याच धुण्यात जाते."

मी तिसऱ्या मजल्यावर अंधार करून
तो चिखल अॅसिटोनमध्ये घोळवते,
कागदाच्या पट्टीवर थेंब ठेवते
आणि रंग चढताना पाहते,
ज्याचा त्याचा वेग वेगळा.
हिरवा कच्चा. उजेड लागला, आम्ल लागलं,
पोटातलं मॅग्नेशियम सांडलं की करडा पडतो.
नारिंगी पक्का. अंगावर घालणारा जीव गेला
तरी गाळात हजारो वर्षं राहतो.
कोणत्या घराण्याचं होतं, ते त्यावरून कळतं.
नाव नाही कळत.

बाबांना हे सांगायचं राहिलं.
आधी माग गेला, मग हौद, मग ते.
ट्रंकेत बोटभर लाल सूत आहे.
मी ते कधी भिजवलं नाही.

उणे अकरा.
जनरेटरला डिझेल नाही. चवरे भाऊंनी स्कूटर काढली.
कॉटन मार्केटजवळून अर्धी लादी,
पोत्यात, भुशात. बर्फवाला विचारतो,
लग्न आहे का घरी?
मी म्हणते, पाहुणे आलेत,
त्यांना आपलं ऊन सोसत नाही.
वाटेत जाडं मीठ, दोन किलो.
मांडीवर लादी वितळत होती,
आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

चार चाळीसला लाइट आली.
एकोणसाठ वाचल्या.
दाराजवळची एकतिसावी पाणी झाली होती.
मॅडम फोनवर म्हणाल्या, फेकून दे,
एकदा वितळलेल्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही.
बरोबरच आहे त्यांचं.

ती खालच्या फ्रीजमध्ये राहिली, चार अंशांवर,
काचेच्या दाराशी, जिथे
व्हरांड्यातली ट्यूब तिरकी पोचते.
अकराव्या दिवशी तळाशी
हिरवं दिसलं, असं मी म्हणणार नाही.
हिरव्याचा संशय.
नळी वर धरली. अंगठा ओला होता,
घामाने असेल.

रजिस्टरमध्ये लिहिलंय: क्रमांक ३१, नष्ट.
सही माझी.